मदत हवी आहे : पावणेतीन वर्षांचा मुलगा त्रिकोणाला ‘पोळी’ म्हणतो

साडेसातची_लोकल

डोंबिवलीत वन बीएचके, माणसं चार. आठवड्यातले तीन दिवस मी घरून काम करतो आणि तेव्हा पोरगं माझ्या आणि आईच्या ताब्यात असतं.

मागच्या महिन्यात नर्सरीच्या प्रवेशासाठी गेलो. बाईंनी लाकडी त्रिकोण दाखवून विचारलं, “हे काय?” चिरंजीव म्हणाले, “पोळी.” चौकोनाला “वडी”, गोलाला “झाकण”. बाईंनी कागदावर कसलीशी खूण केली. बाहेर आल्यावर बायको हसत होती, मी नव्हतो. घरी आईला सांगितलं तर ती म्हणे, “चुकलं काय त्याचं? पोळी तव्यावरून काढली की मी चार पदरी घडी घालते. त्यानं गोल पोळी पाहिलीय कुठे?”

यात मला धक्का बसला कारण आकार बसवायचा ठोकळ्यांचा डबा आमच्याकडे सहा महिने आहे आणि तो सगळे ठोकळे पटापट टाकतो. मग लक्षात आलं, हिरव्या ठोकळ्याचं भोकही हिरवं, लाल ठोकळ्याचं लाल. झाकणावर खाकी कागद चिकटवला तर गडी अडकला! म्हणजे इतके दिवस मी रंगांना टाळ्या वाजवत होतो.

दुसरी अडचण हाताची. कणकेचा गोळा दिला की बोटं ताठ करून “पूस, पूस” करत रडतो. केळव्याच्या किनाऱ्यावर पूर्ण वेळ कडेवर होता. व्हिडिओंमध्ये मुलं फेसात कोपरापर्यंत बुडालेली असतात, रंगवलेल्या तांदळात लोळतात. तांदूळ रंगवायचा विषय काढला तेव्हा आईने माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा काढला नाही.

घरातल्याच वस्तूंनी काय करता येईल? हाताचं काळजीचं आहे का? आणि आकारांची नावं रोज घोकून घ्यावीत का?

खडूचा_डबा

बावीस वर्षं बालवाडी चालवली, आता निवृत्त आहे. घोकून घेऊ नका. तुमच्या मुलाने त्रिकोण ओळखलाय, त्याचं पुस्तकातलं नाव तेवढं त्याला कुणी सांगितलेलं नाही. आधी सारखं-वेगळं कळतं, मग नाव येतं, काढता तर त्याहून उशिरा येतं. समोरचं पाहून गोल साधारण तीन वर्षांचं मूल काढतं, चौकोन चार-साडेचारला, त्रिकोण पाचच्या आसपास. शंकरपाळ्याचा आकार काढायला सहा-सात वर्षं उजाडतात. तेव्हा पेन्सिल सध्या ड्रॉवरमध्येच राहू दे.

रंगाची गंमत तुम्ही बरोबर पकडलीत. मॉंटेसरीबाईंच्या साधनांत एका वेळी एकच गोष्ट बदलते. भौमितिक आकारांच्या पेटीतले आकार एकाच रंगाचे असतात आणि मूल आधी त्यांच्या कडेवरून दोन बोटं फिरवतं. तुमचा खाकी कागद काढू नका आणि ठोकळ्यांनाही लावा.

महागड्या साहित्यावाचून आपल्याकडे कधी अडलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, त्या खडे, शिंपले, पानं, बिया यांवर. तुमच्या स्वयंपाकघरात स्टीलच्या डब्यांचा संच असेल. सगळी झाकणं काढून परातीत ठेवा आणि ज्याचं त्याला बसवायला सांगा. अर्धा तास आवाज सहन करायची तयारी ठेवा.

दुसरा खेळ कापडी पिशवीचा. आत काडेपेटीची रिकामी पेटी, चेंडू, चमचा, वाटी. बाहेर तशाच वस्तूंची जोडी. बाहेरची वाटी दाखवायची आणि आत न बघता तशीच हाताने शोधायची. बोटांनी बघणं म्हणतात ते हेच.

आणि पोळीबद्दल : घडीची एक बाजू वाकडी असते, त्यामुळे आमच्यातले काटेकोर लोक तिला त्रिकोण म्हणणार नाहीत. चौकोनी हातरुमालाची तिरकी घडी घाला, अस्सल त्रिकोण मिळेल.

आप्पेपात्र

ताईंच्या बिया तीन वर्षांखालच्या मुलांना एकट्याने देऊ नका. माझ्या धाकट्याने हरभरा नाकात घातला. आतल्या ओलाव्याने तो फुगला आणि रात्री साडेदहाला कान-नाक-घशाचे डॉक्टर शोधत फिरलो. टॉयलेट पेपर संपल्यावर उरते त्या पुठ्ठ्याच्या नळीतून जे आरपार जातं ते सगळं धोक्याचं समजा. शेंगदाणे, मणी, गोट्या नकोतच. घड्याळातले बटण सेल आणि छोटी लोहचुंबकं तर घरात उंचावर ठेवा. पाण्याचा खेळ असेल तर टबाशेजारून उठायचं नाही, फोन वाजला तरी.

तांदळाऐवजी चाळणीतला कोंडा वापरा. तो तुमच्या आईही हसत देतील. परातीत पसरायचा आणि बोटाने रेघा मारायच्या. रांगोळीची पूड मात्र नको, बारीक धूळ नाकाडोळ्यांत जाते.

मधली_सुट्टी

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. त्याचा हात धरून कणकेत घालू नका, एवढं एक कराच. काही मुलांना चिकट स्पर्श खरोखर झोंबतो, ते नाटक नसतं. आधी कोरडं (कोंडा), मग किंचित ओलं, चिकट सगळ्यात शेवटी. सुरुवात चमच्याने, मग एक बोट. कणीक जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून वरून दाबू द्या. ओलं फडकं शेजारी त्याच्या हाताशी ठेवा. हवं तेव्हा पुसता येतं हे कळलं की मुलं धीट होतात. आधी दहा मिनिटं उशा उचलणं, कपड्यांची बादली ढकलणं असं जोराचं काम दिलं तर बऱ्याच मुलांना फरक पडतो.

नुसते हात पुसणं या वयात विशेष नाही. पण मिक्सरचा आवाज, केस कापणं, कपड्याचं लेबल, जेवणातले बरेच पदार्थ यांचाही तितकाच त्रास होत असेल किंवा बोलणं मागे वाटत असेल तर विकासतज्ज्ञ बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, २०१३पासून, यासाठी सरकारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. सरकारी रुग्णालयात चौकशी करा.

साडेसातची_लोकल

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला. सगळ्यांचे आभार. मिक्सरला घाबरत नाही, उलट बटण त्यालाच दाबायचं असतं. न्हाव्याकडे शांत बसतो. साबुदाण्याच्या खिचडीशी वैर आहे, पण ते मलाही आहे. बोलतो तर इतकं की माझ्या मीटिंगमधल्या लोकांना त्याचा आवाज ओळखू येतो.

कोंड्यात पहिले चार दिवस चमचा, पाचव्या दिवशी एक बोट, आता दोन्ही पंजे. कणकेची पिशवी वरून दाबतो, उघडू देत नाही. डब्यांची झाकणं हिट आहेत, शेजारच्या काकूंनी एकदा बेल वाजवून चौकशी केली. रुमालाची तिरकी घडी घातली की “पोळी”, उलगडला की “वडी”. मी “त्रिकोण” म्हटलं की तोही “तिकोन” म्हणतो आणि मग मला समजावल्यासारखं “पोळी” म्हणतो.

काल आईने मुद्दाम घडी न घालता ताटात गोल पोळी वाढली. त्याने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “हे झाकण आहे. पोळी दे.”

एक शंका राहिली. कोंडा सोफ्याच्या फटींत गेलाय आणि ब्रशने निघत नाहीये. कुणी काही केलंय का?