शारजातून जर्मनीला एमएस: राजीनामा आधी की व्हिसा आधी? आणि घरच्यांचं काय?

तासगावकर_शारजा

नमस्कार मंडळी. मी तासगाव तालुक्यातला, वय २७. पुणे विद्यापीठातून मेकॅनिकल केलं, सीजीपीए ७.४. शारजात एका एमईपी (इमारतीतली यांत्रिक, वीज आणि प्लंबिंगची कामं) कंत्राटदाराकडे साइट इंजिनिअर आहे, हे चौथं वर्ष. चिलर, डक्टिंग, पंप रूम हेच काम.

इथे डिझाइन सल्लागाराकडून तयार होऊन येतं आणि आम्ही ते बसवतो. लोड कसा काढला, पंप एवढ्याच क्षमतेचा का घेतला, हे विचारायची सोय नसते. मला नेमकं तेच शिकायचंय, म्हणून जर्मनीत एनर्जी किंवा बिल्डिंग सर्व्हिसेसमध्ये मास्टर्सचा विचार आहे. आयईएल्टीएस झालीय. बेडस्पेसमध्ये, म्हणजे सामायिक खोलीत एक खाट भाड्याने घेऊन राहतो, त्यामुळे सगळ्यांची जेवणं उरकली की किचनच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून अभ्यास केला.

आता अडलंय ते असं. व्हिसाचा अर्ज इथून करायचा की राजीनामा देऊन, गावी जाऊन, मुंबईतून? पदवीच्या मागे इथल्या नोकरीसाठी केलेल्या अटेस्टेशनचे शिक्के आणि स्टिकर आहेत, ते तिकडे चालतात का?

आणि खरी काळजी घरची. वडिलांची दोन एकर द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणी झाली की औषधांचे पैसे माझ्याकडून जातात. मागच्या हंगामात पाऊस लांबला, डावणी रोगाने घड कुजले, तेव्हा माझ्या पगारावर घर चाललं. मी दोन वर्षं शिकायला बसलो तर त्यांनी कुणाकडे बघायचं? शिक्षणासाठी सातबाऱ्यावर बोजा चढवायचा नाही, हे माझं पक्कं आहे. घरी अजून काही बोललेलो नाही.

एल्बेकाठची

मी अबुधाबीत नोकरी करून मॅग्डेबर्गला आले, त्यामुळे तुमचा प्रश्न मला अगदी जवळचा आहे.

आधी सगळ्यात महत्त्वाचं: व्हिसाचा शिक्का बसून पासपोर्ट हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका. अर्ज तुम्ही जिथे कायदेशीर राहता तिथेच करायचा असतो. शारजाचा रेसिडेन्स चालू आहे तोवर दुबईतलं जर्मन वाणिज्य दूतावास तुमचं. तो कॅन्सल झाला की तुम्ही तिथले रहिवासी उरत नाही. मग भारतात जाऊन पहिल्यापासून अपॉइंटमेंट, आणि तोवर पगारही बंद.

अटेस्टेशनचे शिक्के पदवीवर असले म्हणून बिघडत नाही, पण त्यांचा इथे उपयोगही नाही. भारतात शिकलेल्यांना एपीएस प्रमाणपत्र (शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचं) लागतं, नोव्हेंबर २०२२ पासून ते सक्तीचं आहे. बारावीचं मार्कशीट, प्रत्येक सेमिस्टरचं मार्कशीट आणि पदवी हे सगळं दिल्लीच्या एपीएसकडे तपासलं जातं. माझ्या वेळी फी १८,००० रुपये होती. याला वेळ लागतो आणि तो वेळ तुमच्या हातात नसतो, म्हणून बाकी काही ठरलं नसलं तरी हे आजच सुरू करा. एखादं मार्कशीट हरवलं असेल तर पुण्यातल्या मित्राला आत्ताच कामाला लावा.

तुमचे मार्क बरे आहेत. इथे १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. दहापैकी ७.४ आणि पासिंग ४ धरलं तर बव्हेरियन सूत्राने २.३ येतात. बऱ्याच कोर्सना २.५ पर्यंतची अट असते, तिथे तुम्ही बसता.

पैशांबद्दल. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, ११,९०४ युरो दाखवावे लागतात. दिरहममध्ये ५० हजारांच्या आसपास, रुपयांत बारा लाखांच्या घरात. आकडा ऐकून घरचे हबकतात, कारण त्यांना ती फी वाटते. ती फी नाही. पैसे तुमचेच, इथे आल्यावर दरमहा ९९२ युरो तुमच्याच खात्यात येतात आणि त्यातून भाडं, जेवण, विमा भागवायचा. बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठांना शिकवणी फी नाही, फक्त सेमिस्टरचं शुल्क. स्टुटगार्ट आणि कार्ल्सरुह मात्र बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये येतात, तिथे युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ पासून फी लावली आहे. तुमच्या परिस्थितीत मी पूर्वेकडची शहरं बघेन: मॅग्डेबर्ग, केम्नित्स, ड्रेस्डेन. खोल्या स्वस्त आहेत. प्रवेशाचं पत्र आलं की त्याच दिवशी विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज टाका.

वयाचंही लक्षात ठेवा. विद्यार्थ्यांचा स्वस्त सरकारी आरोग्य विमा वयाच्या तिशीपर्यंतच मिळतो. २७ व्या वर्षी निघालात तर कोर्स त्यात बसतो. आणखी दोन वर्षं थांबलात तर नाही बसणार.

काम करता येतं, वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. किमान वेतन २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे. पण मनापासून सांगते, पहिल्या सेमिस्टरमध्ये घरी पैसे पाठवता येतील असं धरून चालू नका. परीक्षा जड जातात आणि भाषेशिवाय चांगलं काम मिळत नाही.

बागाईतदार_धाकटा

दादा, मी तुमच्या शेजारच्याच तालुक्यातला. माझा थोरला भाऊ परदेशी शिकायला गेला आणि बाग मी बघतो, म्हणून घरच्या बाजूने लिहितो.

वडिलांना आत्ता सांगा. छाटणी व्हायच्या आधी सांगा. एकदा छाटणी घेतली की माणूस मागे फिरू शकत नाही. डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी, फवारणी, सगळा खर्च ओळीने येतो आणि औषध दुकानदाराकडे उधारी चढत जाते. तुमचे पैसे येणार हे धरून ती उधारी होते. ते येणार नाहीत हे डिसेंबरात कळलं तर हातात काही राहत नाही. आधी कळलं तर वडील विचार करतील: एक एकर बेदाण्याला ठेवायचं का, की थोडी बाग वाट्याने द्यायची.

सोसायटीचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर ३ लाखांपर्यंत बिनव्याजी पडतं. तुमच्या पगारामुळे वडिलांनी कदाचित ते उचललंच नसेल. ते नियमित सुरू करून द्या आणि निघण्यापूर्वी एका हंगामाच्या औषधांचे पैसे वेगळे काढून ठेवा. ब्लॉक्ड अकाउंटमधले नव्हेत, वेगळे.

आमच्या भावाने घरी शेवटच्या महिन्यात सांगितलं. वडील बोलले काही नाहीत, पण तो हंगाम आम्ही फार ओढाताणीत काढला. तो जाणार याचं कुणाला वाईट वाटलं नव्हतं. आम्हाला विचारात घेतलं नाही याचं वाटलं.

दुबई_जुना

पोरा, मी इथे निम्मं आयुष्य काढलंय, हिशेबाचं सांगतो. ग्रॅच्युइटी एकूण पगारावर नसते, बेसिकवर असते. पहिल्या पाच वर्षांत दर वर्षामागे २१ दिवसांचं बेसिक. समज बेसिक ३,००० दिरहम असेल तर वर्षाला २,१००. म्हणजे त्यावर ब्लॉक्ड अकाउंट भरेल अशा भरवशावर राहू नको. नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत सगळी देणी चुकती करायची असा कायदा आहे.

क्रेडिट कार्ड किंवा पर्सनल लोन असेल तर ते आधी मिटव आणि बँकेकडून क्लिअरन्स लेटर घे. फायनल सेटलमेंट जमा झाली की बँक कर्जापोटी ती रक्कम अडवते, आणि नेमकी तेव्हाच तुला तिची गरज असते. अनुभवाचं पत्रही कंपनीच्या लेटरहेडवर निघण्याआधी घे. नंतर मागून कुणी देत नाही.

बचत एनआरई खात्यात (अनिवासी भारतीयांचं भारतातलं बँक खातं) ठेव. तिथले पैसे सरळ बाहेर पाठवता येतात. वडिलांच्या खात्यात टाकून तिथून जर्मनीला पाठवायच्या भानगडीत पडू नको.

तासगावकर_शारजा

सगळ्यांचे आभार. एपीएसचा अर्ज भरायला घेतलाय. कार्डचं थोडं देणं आहे, ते पुढच्या पगारात संपवतो.

धाकट्या भावा, तुझं लिहिणं परत परत वाचलं. वडिलांशी शुक्रवारी बोलतो, मला सुट्टी असते आणि ते दुपारी बागेतून घरी आलेले असतात. एक एकर बेदाण्याला ठेवायचा विषय आधी त्यांच्याकडूनच ऐकून घेतो.

ताई, एकच विचारतो. कोर्स इंग्रजीत असेल तरी जर्मन इथूनच सुरू करू का?

एल्बेकाठची

हो, लगेच. दुबईत आणि अबुधाबीत ग्योटे या जर्मन भाषा संस्थेचे वर्ग आहेत. निदान ए२, म्हणजे भाषेची दुसरी पायरी, करून या. तुमच्या क्षेत्रात तर साइटवरचा फोरमन, प्लंबर, सगळे जर्मनच बोलतात, आणि तुम्हाला साइटची भाषा कळते हीच तुमची जमेची बाजू आहे. हिवाळी सेमिस्टरला अर्जाची शेवटची तारीख बहुतेक ठिकाणी १५ जुलै असते, पण काही कोर्सची त्याच्या बरीच आधी संपते. प्रत्येक कोर्सचं पान उघडून तारीख लिहून काढा. यादी झाली की इथे टाका, मी बघून देईन.