शब्दचर्चा: गाडीच्या ‘रनिंग बोर्ड’ला मराठीत काय म्हणावं? (धावफलक सोडून)

भाषांतरवाली: पिकअपच्या दाराखाली जी लांब पायरी बसवतात, तिच्या किटची माहितीपुस्तिका मराठीत करतेय. माल अमेरिकन आहे, गिऱ्हाईक इथलं. आधी मशीनकडून करून घेतलेला मसुदा मला ‘फक्त तपासायला’ आला. पहिलंच वाक्य: ‘धावफलक बसवण्यापूर्वी गाडी सपाट जागी उभी करा.’ पुढे ‘धावफलकावर बूट घासू नका’. वानखेडेवर निघालोय की काय? पायरी, पायपट्टी, फुटबोर्ड, पायदान असे पर्याय डोक्यात आहेत. तुमच्याकडे काय म्हणतात?

फॅब्रिकेशनवाला: फूटस्टेप. नाहीतर साईड स्टेप. गेली कित्येक वर्षं बसवतोय, एकाही गिऱ्हाइकानं ‘पायपट्टी लावा’ म्हटलेलं नाही. ‘रनिंग’मुळे गोंधळ होतोय, पण हा शब्द आम्ही रोज वापरतो की. ग्रिल, रेलिंग, ओट्याची कडा, सगळ्याचा दर रनिंग फुटावर. तिथं कोण धावतंय? सलग लांबी, एवढंच.

अमेरिकेतला: रनिंग फूट आवडलं. इथे रेल्वेच्या मालडब्यांच्या छपरावर लांबच्या लांब फळी असायची, तिलाही रनिंग बोर्डच म्हणत. हातब्रेक लावणारे कामगार तिच्यावरून चालत्या गाडीत एका डब्यावरून दुसऱ्यावर जात. जुन्या मोटारींत पुढच्या आणि मागच्या मडगार्डला जोडणारी फळी हीच. पुढे बॉडी रुंद झाली, तशी ती मोटारींतून गेली. फोक्सवॅगनच्या बीटलनं मात्र शेवटपर्यंत धरून ठेवली. आता पिकअप एवढ्या उंच झाल्यात की फळीला पुन्हा काम मिळालंय. माझी आई इथे आली की फूटस्टेपशिवाय गाडीत चढूच शकत नाही.

मुंबईकर: फुटबोर्ड नको. फुटबोर्ड म्हटलं की डोळ्यासमोर लोकलचं दार आणि लोंबकळणारी माणसं येतात. शिवाय स्कूटरवर पाय ठेवायची जागाही फुटबोर्डच.

साताऱ्याचा: लोंबकळणारी माणसं आमच्याकडेही आहेत, दादा. वडापच्या जीपला मागं कशावर उभी राहतात वाटतं?

भाषांतरवाली: म्हणूनच पुस्तिकेत ठळक सूचना आहे, गाडी चालू असताना यावर उभं राहू नये. ‘फुटबोर्ड’ लिहिलं तर ती सूचना वाचून लोक हसतील. बरं, ‘पायदान’ कसं वाटतं?

जुना वाचक: पायदान हिंदीतून आल्यासारखं वाटतं. घोड्यावर चढायला मराठीत रिकीब आहे, पण ती एका पायापुरती. फळीऐवजी नुसता पाईप असेल आणि त्यावर दाराखाली पाय ठेवण्यापुरता एक रबरी तुकडा, तर त्याला रिकीब शोभेल. अख्ख्या लांबीला नाही. आणि ‘धावफलक’मधल्या फलकाला हसताय खरं, पण ट्रकच्या हौद्याचं मागचं झडपेसारखं दार, फाळका, तो फळी-फलकाच्याच घरातला. गाडीवर फलक होताच, फक्त मागच्या बाजूला.

फॅब्रिकेशनवाला: फाळका! आता पटलं. ताई, एक नाव सगळ्याला लावू नका. सपाट रुंद चेकर प्लेटची पायरी वेगळी. गोल पाईपची वेगळी, ती दिसायला बरी पण पावसात चिखलाचा बूट सटकतो. तिसरी चासीला पक्की बसणारी जाड नळी, दगडावर गाडी टेकली तर भार घेणारी. ती पायरी नाहीच, ते बाजूचं गार्ड. पहिल्या दोन गाडीचं वजन घेत नाहीत. त्यांच्यावर जॅक लावला की वाकल्याच म्हणून समजा.

अमेरिकेतला: इथे पाईपच्या प्रकाराला नर्फ बार म्हणतात. शब्द शर्यतीच्या मैदानातला: चाकात चाक अडकू नये म्हणून बाजूला लावलेली नळी. आणि खरेदीच्या पानावर केबिन कोणती ते नीट लिहा. दोन दारांची, दीड केबिन की चार दारांची, त्यावर लांबी ठरते. काही पट्ट्या केबिनपुरत्या, काही चाकापासून चाकापर्यंत, हौद्याखालीही जाणाऱ्या.

भाषांतरवाली: लिहिते. माझ्या पुस्तिकेत एका बाजूच्या पायरीला ३०० पौंडांपर्यंत भार दिलाय, म्हणजे साधारण १३६ किलो. आता खरा घोळ. ब्रॅकेटवर ‘ड्रायव्हर साईड’ आणि ‘पॅसेंजर साईड’ असे स्टिकर आहेत. मसुद्यात ‘चालकाची बाजू’ झालंय.

फॅब्रिकेशनवाला: थांबा! अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो. आपल्याकडे ड्रायव्हर साईड उजवी, क्लीनर साईड डावी. पोरगं स्टिकर वाचून बसवेल आणि ब्रॅकेटची भोकं जुळणार नाहीत. मग ड्रिल काढेल, भोक पाडेल आणि तिथूनच गंज सुरू. माझ्याच गॅरेजात झालंय. सरळ ‘गाडीत बसून पुढे बघताना डावी, उजवी’ असं लिहा.

अमेरिकेतला: हे मला सुचलंच नसतं.

भाषांतरवाली: ठरलं तर. शीर्षकात ‘साईड स्टेप’, आत सगळीकडे ‘पायरी’, पाईपवाल्याला ‘पाईप-पायरी’. धावफलक बाद. शेवटची अडचण: सगळे बोल्ट आधी ‘फिंगर टाईट’ ठेवा, पायरी समतल झाली की मग ठरलेल्या ताकदीनं आवळा, असं आहे. मशीननं ‘बोटाने घट्ट’ केलंय. ‘हातघट्ट’ चालेल?

जुना वाचक: हातघट्ट ऐकून कंजूष माणूस वाटतो.

फॅब्रिकेशनवाला: आम्ही पोरांना सांगतो, ‘दोन आटे पकडून ठेव, पान्याला हात लावू नको.’ कारण एक ब्रॅकेट आधीच आवळला की पुढचं भोक अर्धा इंच सरकलेलं दिसतं. मग सगळं सोडा आणि परत लावा.

भाषांतरवाली: ‘दोन आटे पकडून ठेवा.’ हेच टाकते. वायसरचं मात्र ‘वॉशर’ करावं लागेल, गिऱ्हाईक पुण्यातलं आहे.

फॅब्रिकेशनवाला: करा. बसवणारा वायसरच वाचेल.