दहा महिन्यांचं बाळ टबात बसतच नाही, अंघोळीला नुसती रडारड. काय करावं?

खडीसाखर
मुलगा दहा महिन्यांचा, वजन साडेनऊ किलो. नीट बसतो, धरून उभा राहतो. आधी मालीशवाल्या मावशी पायांवर घेऊन अंघोळ घालायच्या, आता त्या येत नाहीत म्हणून प्लास्टिकचा टब आणलाय. आत ठेवलं की काठ धरून उभा. खाली बसवायला गेलं की अंग ताठ करून मागे फेकतो. डोक्यावर पाणी पडलं की किंचाळतो, आणि तेल लावलेलं असल्याने हातातून सुळकन निसटतो. सकाळी साडेआठला मालीश, मग अंघोळ, मग दूध आणि झोप असा क्रम आहे. सासूबाई म्हणतात पायांवरच घे. खाली टबाला चिकटून बसणारे रबरी पाय असलेली बाथ सीट, म्हणजे बाळाला टबात बसवायची खुर्ची मिळते, ती घ्यावी का?

उंबरठा
तुमचं निम्मं उत्तर तुमच्याच क्रमात आहे. अंघोळीनंतर दूध आणि झोप, म्हणजे अंघोळीला येतो तेव्हा तो भुकेला आणि पेंगुळलेला असतो. त्यात अर्धा तास मालीश. मग चिडणार नाही तर काय! झोप काढून उठल्यावर थोडं दूध द्या, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, मग अंघोळ. पोट गच्च भरल्यावर लगेच नको, उलटी काढतात.

तेलाचं: मालीश झाल्यावर कोरड्या सुती पंचाने अंग टिपून घ्या, विशेषतः काखा, दंड आणि पाठ. म्हणजे जिथे तुमचा हात बसणार ती जागा. टबाच्या तळाशी जुना सुती टॉवेल ओला करून पूर्ण तळभर अंथरा. ढुंगण सरकतं म्हणून मूल घाबरतं, घाबरलं की काठ धरून उठतं. बूड टेकलं की निम्मी पोरं आपोआप बसतात. वाळे, करदोटा आधी काढा, टॉवेलच्या धाग्यात अडकतात.

ताठ झाला तर खांदे खाली दाबू नका, तो आणखी जोर लावतो. एक हात पाठीमागे ठेवा आणि दुसऱ्याने गुडघ्यांच्या मागून पाय अलगद दुमडा. कंबरेत वाकला की बसतोच. धरताना हाताचा पुढचा भाग त्याच्या पाठीमागून न्या, तुमच्यापासून लांबच्या बाजूची काख चार बोटांनी धरा, अंगठा खांद्यावर. मनगटाला धरून ओढायचं नाही. एक तर ओलं मनगट निसटतं, आणि या वयात हिसक्याने कोपराचा सांधा सरकतो. हा हात अंघोळ संपेपर्यंत सुटत नाही. म्हणून साबण, तांब्या, टॉवेल, लंगोट, कपडे सगळं दुसऱ्या हाताच्या टप्प्यात आधीच मांडून ठेवा.

पाणी बसल्यावर बेंबीच्या खालीच, ७-८ सेंटिमीटर पुरे. आधी गार, मग त्यात गरम, आणि तळापर्यंत ढवळून कोपराने बघा. थर्मामीटर असेल तर ३७-३८ अंश. तळहाताला गरम पाण्याची सवय असते, त्याच्यावर विसंबू नका. बाळ आत असताना गरम पाण्याची भर घालायची नाही. शेवटच्या दोन तांब्यांसाठी कोमट पाणी छोट्या बादलीत वेगळं काढून ती बादली त्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. ५ ते ७ मिनिटांत सगळं आटपतं.

चिमणचारा
उंबरठा यांनी डोक्याचा प्रश्न सोडला, तो मी घेते.

डोकं रोज धुवायची गरज नाही, आठवड्यातून दोनतीनदा पुरे. मात्र टाळूवर तेल थापत असाल तर रोज धुवावं लागणार, तेव्हा आधी तेच कमी करा. डोकं धुवायचं ते अगदी शेवटी. आधी धुतलं की ओलं डोकं गार पडतं आणि रडं सुरू होतं, मग पुढचं काहीच धड होत नाही. तोंड मात्र सगळ्यात आधी, नुसत्या ओल्या मऊ फडक्याने, साबणाशिवाय.

डोक्यावर तांब्या उपडा करू नका. बाळाला वर बघायला लावा: भिंतीवर त्याच्या नजरेच्या वर एखादं ओलं प्लास्टिकचं चित्र चिकटवलं तरी चालतं. तुमचा आडवा तळहात त्याच्या कपाळावर टोपीच्या झडपेसारखा धरा आणि पाणी मागून, टाळूकडून मानेकडे, बारीक धारेने सोडा. या वेळी पाठीमागचा आधाराचा हात काढावा लागतो, म्हणून डोक्यापुरतं दुसरं माणूस हवंच. एकट्याने करायचं असेल तर पाणी ओतूच नका, निथळत्या फडक्याने तीनचारदा पुसून काढा. शाम्पू वाटाण्याएवढा.

हातात काहीतरी द्या. विकतची खेळणी लागत नाहीत. प्लास्टिकची गाळणी आणि एक फुलपात्र. गाळणीतून पाणी गळताना बघायला मूल खाली वाकतं, आणि वाकलेलं मूल उभं राहत नाही. भोक असलेली दाबायची रबरी बदकं टाळा, आत पाणी साचून बुरशी धरते.

सातारी_कंदी
बाथ सीट घेऊ नका. रबरी पाय खडबडीत किंवा साबणाळ तळावर सुटतात, सीट उलटते आणि मूल तिच्यात अडकून तोंडावर पडतं. त्याहून वाईट म्हणजे बसलंय म्हणून आपण दार उघडायला उठतो. दोन इंच पाण्यातही मूल बुडतं आणि आवाजही होत नाही. बेल वाजली, कुकरची शिट्टी झाली, तर बाळाला टॉवेलात गुंडाळून बरोबर न्यायचं.

आणि अंघोळ झाली की टब आणि बादल्या लगेच उपड्या. धरून उभं राहणारं मूल बादलीत डोकावतं, डोकं जड असल्याने आत पडतं आणि त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही.

खडीसाखर
खूप आभार. दोन शंका: सासूबाई साबणाऐवजी डाळीचं पीठ लावा म्हणतात. आणि आमचा गॅस गिझर बाथरूमच्या आतच आहे, दार लावून अंघोळ घालतो, गारठा नको म्हणून.

उंबरठा
दुसरी शंका आधी, कारण ती गंभीर आहे. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर पेटलेला असताना कुणीच अंघोळ करू नये, बाळ तर नाहीच. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होणं, मळमळ, गुंगी ही लक्षणं बाळ सांगू शकत नाही, ते नुसतं शांत पडतं आणि आपल्याला वाटतं आज बरं रडलं नाही. खिडकी आणि दार उघडं ठेवून पाणी भरा, गिझर बंद करा, आणि टब खोलीत आणून पंखा बंद करून तिथे अंघोळ घाला. गिझर बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीवर हलवून घ्या, तो खर्च टाळू नका.

विजेचा गिझर घेतलात तर ५० अंशांच्या खाली ठेवा. ६० अंशांचं पाणी बाळाची कातडी काही सेकंदांत भाजतं.

डाळीच्या पिठाचे कण मानेच्या आणि जांघेच्या घड्यांत राहतात, चोळून काढताना कातडी लाल होते, डोळ्यात गेलं तर वेगळंच. सौम्य साबण, तोही शेवटच्या मिनिटाला आणि फक्त मान, काखा, जांघा, ढुंगण, हातपाय एवढ्यालाच. साबण लागला की बाळ पुन्हा निसरडं होतं, म्हणून तो शेवटी.

पायांवर घ्यायच्या पद्धतीत वाईट काही नाही. पाणी साचत नाही आणि नडग्यांचा आधार मिळतो. पण ती मान न धरणाऱ्या, गुमान पडून राहणाऱ्या बाळासाठी. तुमचा साडेनऊ किलोचा गडी उलटा फिरून उठायला बघणार, आणि फरशी ओली. सासूबाईंना तांब्याने पाणी घालायला बोलवा, धरायचं काम तुम्ही करा.

चिमणचारा
एक राहिलं: अंघोळीनंतर कानात, नाकात तेल घालू नका. नाकातलं तेल श्वासाबरोबर छातीत उतरू शकतं. कान बाहेरून पंचाच्या टोकाने टिपा, काडी आत नको. आणि टबात शी केली, तर पाणी टाकून टब धुवून पुन्हा भरा. सगळी करतात.