येशूचं मरण "किरकोळ तपशील" आहे?

नंदाखालकर:
ईस्टरच्या शुभेच्छांच्या धाग्यावर समन्वय७१ यांनी लिहिलं होतं: "ख्रिस्ती म्हणतात येशू क्रुसावर मेला, मुसलमान म्हणतात अल्लाने त्याला जिवंत उचलून घेतलं. शेवटी दोघांच्याही मते तो वर आहे ना? मग एवढ्या किरकोळ तपशिलावरून चौदाशे वर्षं डोकेफोड कशाला?" त्यावर नमस्काराच्या खुणांचा पाऊस पडला. तिथे शुभेच्छा चालल्या होत्या म्हणून गप्प बसले. इथे बसणार नाही.

किरकोळ? आमच्या वसईकडे उपवासकाळात दर शुक्रवारी क्रुसाची वाट असते, म्हणजे येशूच्या अखेरच्या प्रवासाची प्रार्थना. चौदा स्थानं. बाराव्या स्थानाला येशू मरतो आणि सगळं चर्च गुडघ्यावर येतं, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्याही. दर रविवारी आम्ही श्रद्धा कबूल करताना पंतय पिलात या रोमन सुभेदाराचं नाव घेतो. कशाला? ही घटना अमुक माणसाच्या अमलात, अमुक ठिकाणी खरंच घडली, हे ठासून सांगायला. आमचा प्रेषित पौल तर सरळ लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश फुकट आणि तुमचा विश्वासही फुकट (करिंथकरांस पहिलं पत्र, १५:१४). उठायला आधी मरावं लागतं.

आणि कुराण काय म्हणतं? येशू मसीहा आहे, बापाशिवाय मरियमच्या पोटी जन्मला. तो परत येणार हेही मुसलमान मानतात. सगळं जुळत जुळत येतं, आणि सूरह निसाच्या १५७व्या आयतीत म्हटलंय की त्यांनी त्याला मारलं नाही, क्रुसावर चढवलं नाही, त्यांना तसं भासवलं गेलं. संपलं. आमच्या घराचा पायाच काढून घेतला, आणि समन्वयराव म्हणतात रंगाचा फरक आहे.

बरं, हे सांगितलं कधी? घटनेनंतर सहाशे वर्षांनी, वाळवंटापलीकडून. साक्षीदार कोण, ते विचारायचं नाही.

बाणकोटी:
ताई, शेवटच्या दोन ओळी सोडून सगळं मान्य. किरकोळ नाही, अजिबात नाही. पण "सहाशे वर्षांनी" हा टोमणा आमच्यावर चालत नाही. कुणा माणसाने सहाशे वर्षांनी आठवून लिहिलं असं आम्ही मानतच नाही. ज्याने पाहिलं त्यानेच सांगितलं.

आणि साक्षीदार काढायचेच तर तुमचे काढू. अटक झाल्यावर शिष्य पळून गेले, हे तुमचा शुभवर्तमानकार मार्कच लिहितो. मार्ककडे सकाळी नऊला क्रुसावर चढवतात. दुसऱ्या शुभवर्तमानात, योहानाकडे, दुपारी बाराच्या सुमाराला हजरत ईसा, म्हणजे तुमचे येशू, अजून पिलातासमोरच उभे आहेत. शुक्रवारी संध्याकाळी दफन, रविवारी पहाटे कबर रिकामी. यात, ईसांनी स्वतःबद्दल सांगितलेले, योना पैगंबर माशाच्या पोटात होता तसे "तीन दिवस आणि तीन रात्री" कुठे बसतात ते बोटं मोजून सांगा. ही गणितं मी लहानपणी ख्रिस्त्यांशी वाद घालणारे मुस्लिम वक्ते दीदात साहेब यांच्या कॅसेटवर ऐकली होती. उत्तर अजून मिळालेलं नाही.

पण खरा फरक त्याच्याही आधीचा आहे. आमच्याकडे आदमने चूक केली, तौबा केली, अल्लाने माफ केलं. विषय मिटला. पोराबाळांवर त्याचं कर्ज नाही. एकाचं ओझं दुसरा उचलत नाही (६:१६४). मग दुसऱ्या कुणी आमच्यासाठी मरायचं कशाला? तुम्ही म्हणता आम्ही मरण नाकारतो. आम्ही त्या मरणाची गरजच नाकारतो. आणि एवढ्या मोठ्या पैगंबराला अल्ला दुश्मनांच्या हाती असं हालहाल होऊन मरू देईल, हे आमच्या मनाला पटत नाही.

अश्रद्ध_सदाशिव:
मी दोन्ही बाजूंचा नाही, त्यामुळे दोघांनाही चावतो.

बाणकोटीभाऊ, वेळेची गडबड म्हणजे घटना घडली नाही असं होत नाही. अपघाताचे चार साक्षीदार चार वेळा सांगतात, म्हणून ट्रक आलाच नव्हता असं पोलीस लिहीत नाहीत. टॅसिटस हा रोमन इतिहासकार ख्रिस्त्यांचा कडक तिरस्कार करणारा. तो साधारण ११६ साली लिहितो की सम्राट तिबेरियसच्या काळात पिलाताने यांच्या ख्रिस्ताला मृत्युदंड दिला. पौलाची पत्रं तर घटनेनंतर वीस-पंचवीस वर्षांतली. येशूबद्दल इतिहासात जे काही खात्रीने सांगता येतं त्यात क्रूस सगळ्यात वर आहे. देव नसेल, क्रूस होता.

"पैगंबराला मरू देईल का" हा मुद्दा तर तुमच्याच ग्रंथात टिकत नाही. १५७वी आयत काढलीत ना? दोनच आयती मागे जा, १५५. तिथे पैगंबरांना नाहक ठार मारल्याचा ठपका आहे. म्हणजे पैगंबर मारले जाऊ शकतात. दमास्कसच्या उमय्यद मशिदीत हजरत याह्यांचं, म्हणजे बायबलातल्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं, शिर आहे म्हणतात, मुंडकं उडवलेलं. आणि ईसा उतरतील तो मिनार लोक दाखवतात तोही त्याच मशिदीचा. एकाला अल्लाने मरू दिलं, दुसऱ्याला नाही. का?

नंदाखालकरताई, तुम्हीही फार खूश होऊ नका. "क्रुसावर दुसराच होता" ही कल्पना अरबस्तानात उगवलेली नाही. इसवी सन १८०च्या सुमाराला बिशप इरेनियस तक्रार करतो की बॅसिलिडीस नावाचा एक जण शिकवतो, येशूचा क्रूस वाहणारा कुरेनेकर शिमोनच येशूच्या रूपात क्रुसावर गेला आणि येशू बाजूला उभा राहून हसत होता. हा बॅसिलिडीस स्वतःला ख्रिस्तीच म्हणवत होता. घरातलंच भांडण आहे, शेजाऱ्यांवर ढकलू नका.

नगरचा_पास्टरपुत्र:
एवढं लिहिलंत सगळ्यांनी, पण ऑफिसात दर वर्षी "हॅपी गुड फ्रायडे" म्हणून केक आणणाऱ्यांचं काय करायचं ते कुणी सांगेल का? आमच्याकडे त्याला उत्तम शुक्रवार म्हणतात, पण त्या दिवशी वडील दुपारी बारापासून तीनपर्यंत उपासना चालवायचे, घरात चूल नसायची. आणि इकडे एचआरकडून फुग्यांचं चित्र. एकदा तर "लाँग वीकेंडच्या हार्दिक शुभेच्छा, जीझसला थँक्स" असा मेसेज आला. समन्वयराव, तुमचं "किरकोळ" याच फुग्यांच्या जातीचं आहे.

आणि नंदाखालकर, तुम्ही कॅथलिक लोक क्रुसावर अजून देह लटकवून ठेवता. आमचा क्रूस रिकामा, कारण तो उठला.

नंदाखालकर:
झालं, आता हेही आलं. पास्टरपुत्र, आपलं भांडण पुढच्या ईस्टरला, प्लीज.

सदाशिवराव, बॅसिलिडीस मान्य, नाइलाजाने. पण त्याची शिकवण ख्रिस्तसभेने पाखंड ठरवली होती, तेही सांगा.

बाणकोटी, तीन दिवसांचं उत्तर साधं आहे. यहूदी मोजणीत दिवसाचा तुकडाही अख्खा दिवस धरतात. तुम्हाला ही पळवाट वाटेल, वाटू द्या. ओझ्याचा मुद्दा मात्र नीट मांडलात. त्यावर मला एका परिच्छेदात उत्तर देता येत नाही, आणि मी देण्याचा आवही आणणार नाही.

भटकभवानी:
कशाला डोकेफोड करताय, येशू तर काश्मीरमध्ये वारला! मी स्वतः जाऊन आले आहे. श्रीनगरला खानयार भागात रोज़ाबल म्हणून जागा आहे, यूज़ आसफची कबर. तोच येशू. आत सोडलं नाही म्हणून खिडकीतून पाहिलं. गाइडने सांगितलं की दगडात पावलं कोरली आहेत, त्यांवर खिळ्यांच्या खुणा. अंगावर काटा आला. आणि लडाखच्या हेमिस मठात त्याचं चरित्र आहे. म्हणजे ख्रिस्तीही चूक आणि मुसलमानही. भारतच बरोबर!

बाणकोटी:
ताई, ती गोष्ट कादियानी पंथाने उठवलेली आहे. आमचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. त्या दर्ग्याचे खादिमसुद्धा सुन्नी आहेत आणि ते हे मानत नाहीत. तुम्हाला आत का सोडलं नाही वाटतं?

अश्रद्ध_सदाशिव:
"कादियानी" नका म्हणू, अहमदिया म्हणा. ती शिवी आहे हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. १९७४ साली पाकिस्तानने त्यांना घटनेत बिगरमुस्लिम ठरवलं, तेव्हापासून त्यांचं काय झालं हेही ठाऊक असेल.

भवानीबाई, तुम्ही दोन वेगवेगळ्या गोष्टींची मिसळ केली आहे. पहिली अहमदियांचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांची, १८९९ची: येशूला क्रुसावर चढवलं, पण तो मेला नाही, जखमांना मलम लावून बरा झाला आणि काश्मीरला येऊन म्हातारा होऊन वारला. दुसरी निकोलस नोतोविच या रशियनाची, १८९४ची: येशू तरुणपणी भारतात शिकायला आला होता. पण नोतोविचचा येशू परत जातो आणि यरुशलेमात क्रुसावर मरतो! तुमचे दोन साक्षीदार एकमेकांना खोटं पाडताहेत. संस्कृतचे पंडित मॅक्स म्युलरने तेव्हाच नोतोविचची टर उडवली होती, आणि १८९५ साली डग्लस नावाचे प्राध्यापक हेमिसला गेले तर मुख्य लामांनी असं पुस्तकच नाही म्हणून सांगितलं.

भटकभवानी:
गोऱ्यांचं खरं, आपल्या स्वामींचं खोटं! स्वामी अभेदानंद १९२२ साली हेमिसला जाऊन ते पुस्तक पाहून आले होते. तुम्ही पुण्यात पंख्याखाली बसून बोलताय, मी तिथे उणे चार तापमानात उभी होते.

अश्रद्ध_सदाशिव:
तापमानाने पुरावा गोठत नाही आणि तयारही होत नाही. ते हस्तलिखित आजवर कुणालाही तपासायला मिळालेलं नाही.

आणि यूज़ आसफचं खरं ऐका, ते तुमच्या गोष्टीपेक्षा भारी आहे. बुद्धाचं चरित्र इराणमार्गे अरबीत गेलं. राजपुत्र, जग पाहून विरक्त झालेला, सगळं तेच. त्या अरबी कथेत या राजपुत्राचं नाव यूज़ासफ, आणि तो शेवटी काश्मीरमध्ये मरतो. तीच कथा पुढे युरोपात गेली आणि तिथल्या चर्चने त्या राजपुत्राला, म्हणजे आपल्या गौतमाला, संत करून टाकलं. २७ नोव्हेंबर हा त्याचा सण होता. म्हणजे खानयारमध्ये कथेतलं कुणी असेलच तर ते बुद्धाची सावली आहे.

नगरचा_पास्टरपुत्र:
थांबा, आम्ही बुद्धाला संत केलं??

नंदाखालकर:
"आम्ही" नाही, तुम्ही नंतर वेगळे झालात. ही पुण्याई आमचीच.

समन्वय७१:
माझा हेतू सलोख्याचा होता. इथे सगळे मिळून मलाच सुळावर चढवताय. आणि एक महत्त्वाचं: तुर्कस्तानात १५०० वर्षांपूर्वीचं बायबल सापडलं आहे, येशूचा शिष्य बर्नबा याचं. त्यात येशूच्या जागी त्याचा दगाबाज शिष्य यहूदा मेला असं स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे ख्रिस्त्यांच्याच जुन्या ग्रंथात मुसलमानांचं म्हणणं आहे. आता तरी मिटवा.

बाणकोटी:
हा फॉरवर्ड माझ्या मेव्हण्यानेही पाठवला होता. त्यालाही हेच सांगितलं: ते बर्नबाचं पुस्तक आमच्या कामाचं नाही. त्यात ईसा स्वतः सांगतात की मी मसीहा नाही, मसीहा मुहम्मद. कुरआन ईसांनाच मसीहा म्हणतं. आमच्याच ग्रंथाविरुद्ध जाणारं पुस्तक आमचा साक्षीदार कसं होईल? शिवाय त्यात ज्युबिली, म्हणजे माफीचं पवित्र वर्ष, दर शंभर वर्षांनी येते. ती प्रथा पोपने १३०० साली सुरू केलेली. तेराशे वर्षं आधीच्या शिष्याला हे कुठून कळलं?

नंदाखालकर:
हे तुम्ही म्हणताय म्हणून दुप्पट मानते.

बाणकोटी:
मानू नका, तपासा. आणि सदाशिवराव, १५५व्या आयतीचा मुद्दा दिवसभर डोक्यात बसलाय. बरोबर आहे. "पैगंबराला असं मरू देणार नाही" हे आम्ही मौलवींच्या वाजांतून, प्रवचनांतून ऐकत आलो, पण कुरआनचा युक्तिवाद तो नाही. याह्यांना मरू दिलं, ईसांना उचललं, कारण त्याची मर्जी. मी तेवढ्यावरच थांबतो. अहमदिया शब्दावरचं तुमचं भाषण मात्र नको होतं.

ताई, सौदीत दम्मामला मी केरळमधल्या कोट्टायमच्या एका ख्रिस्ती पुरुष नर्सबरोबर खोलीत राहायचो. रोज रात्री हाच वाद, तोही मोडक्या हिंदीत. माझे अब्बा गेले तेव्हा मला सुट्टी मिळाली नाही. दफन व्हिडिओवर पाहिलं. तो माझ्याशेजारी बसून राहिला आणि म्हणाला, आमच्या देवाला मरण माहीत आहे, म्हणून मी त्याच्याशी आज तुझ्याबद्दल बोललो. देव मरतो हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. अल्लाला मरण माहीत असायला मरावं लागत नाही. पण त्या माणसासाठी हा तपशील नव्हता, एवढं मी बघितलं.

नंदाखालकर:
समन्वयराव, हे वाचलंत? आता "किरकोळ" मागे घ्या.

समन्वय७१:
"किरकोळ" मागे. "डोकेफोड" राहू द्या, ती वर चालूच आहे.

भटकभवानी:
सगळं ठीक आहे हो. पण मग पावलांवर खिळ्यांच्या खुणा कशा, ते एकानेही सांगितलेलं नाही.

अश्रद्ध_सदाशिव:
छिन्नीने, भवानीबाई.