प्रतिसाद: नऊ वर्षांचा पोस्टडॉक

तुमच्या भाच्याने तिसरा पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी) घ्यावा का, या तुमच्या प्रश्नावर वर कुणीतरी म्हटलंय की दोन पोस्टडॉक झाले आणि कायमची नोकरी नाही म्हणजे गाडी चुकली. सरसकट तसं नसतं हो. भौतिकशास्त्रज्ञ ॲलन गुथ अमेरिकेतल्या एमआयटीचा पीएचडी, पण नंतर प्रिन्स्टन, कोलंबिया, कॉर्नेल ही विद्यापीठं आणि स्लॅक ही प्रयोगशाळा असं विंचवाचं बिऱ्हाड नऊ वर्षं पाठीवर. मूळचा कणभौतिकीवाला, विश्वरचनाशास्त्राच्या वाटेला फारसा न गेलेला. कॉर्नेलला हेन्री टाय हा सहकारी मागे लागला म्हणून चुंबकीय एकध्रुवांचा (फक्त उत्तर किंवा फक्त दक्षिण टोक असलेल्या कल्पित कणांचा) हिशोब धरला. गणित म्हणे, महास्फोटात ते ढिगाने तयार व्हायला हवेत. प्रत्यक्षात सापडत नाहीत. त्या गुंत्यातून डिसेंबर १९७९ मध्ये क्षणार्धात प्रचंड फुगणाऱ्या विश्वाची कल्पना सुचली. वहीत त्याने त्या नोंदीला दुहेरी चौकट आखली! १९८० मध्ये एमआयटीतच प्राध्यापकी.

गंमत म्हणजे मूळ मांडणीत फुगणं नीट थांबतच नव्हतं. ते १९८२ च्या सुमारास लिंडे, तसंच अल्ब्रेक्ट आणि स्टाइनहार्ट या भौतिकशास्त्रज्ञांनी निस्तरलं.

अर्थात अशा रांगेतून कंटाळून बाहेर पडलेले हुशार लोकही कमी नाहीत. तुमच्या भाच्याने तिसरा पोस्टडॉक घ्यावा का, हे तिथला गट आणि पगार बघूनच ठरवा.