मदत हवी आहे: नवीन टेक्नो रेकॉर्ड तुम्ही कशा शोधता?

मंडळी, डेट्रॉइट-बर्लिनचं जुनं टेक्नो, म्हणजे क्लबात नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत, बऱ्यापैकी ऐकून झालंय. अंडरग्राउंड रेझिस्टन्स, जेफ मिल्स, १९९३ पासूनचं बेसिक चॅनल, सगळं पाठ. अडतंय ते नव्या मालापाशी. दोन-तीनशे प्रती काढून गप्प बसणारी छोटी लेबलं (रेकॉर्ड कंपन्या) मला कळतात तेव्हा रेकॉर्ड संपलेली असते आणि डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या नोंदी आणि खरेदी-विक्रीच्या साइटवर कुणीतरी ती तिप्पट भावाला लावलेली असते.

सध्या बर्लिनच्या हार्ड वॅक्स या रेकॉर्डच्या दुकानाच्या साइटवर नवीन काय आलंय ते चाळतो. शिवाय बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या साइटवर माझ्या आवडीची रेकॉर्ड ज्यानं घेतली, त्याचं अख्खं कलेक्शन उघडून बसतो. सापडतं ते यातूनच जास्त, पण रात्रीचे दोन वाजतात. याहून बरा मार्ग आहे का?

दुसरं म्हणजे, मित्रानं बर्लिनहून एक बारा इंची रेकॉर्ड आणून दिलीय. मधला कागद कोरा पांढरा, नाव-गाव काही नाही. गाणं संपतं तिथल्या मोकळ्या पट्टीत हातानं कोरलेली अक्षरं आहेत, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला की दिसतात. शेवटचा आकडा ३ की ८, तेच कळत नाही. दोन्ही टाकून डिस्कॉग्जवर शोधलं, शून्य. गाणं ओळखणारं शझाम ॲपही गप्प. बी बाजू भन्नाट आहे हो! मिनिटभराची क्लिप टाकली तर कुणी ओळखेल का?

आणि पुण्यात कुणी मिळून पार्सल मागवतं का? एकट्यानं मागवली की रेकॉर्डपेक्षा टपालखर्चच जास्त होतो.