नवीन सील टाकूनही लेव्हलिंग जॅकमधून तेल गळतंय, आणि रात्रीत कोपरा बसतोय

उंबरठा_चाकांवर

नमस्कार मंडळी. आमच्या मोटरहोमला उभी असताना सपाट ठेवायला चार हायड्रॉलिक जॅक आहेत, तेलाच्या दाबाने बाहेर येणारे आणि स्प्रिंगने वर ओढले जाणारे. उजव्या मागच्या जॅकमधून तेल यायला लागलं म्हणून मी आणि नवऱ्याने तो उतरवला. मुख्य सील, वायपर (रॉड पुसणारी रबरी कडी), ओ-रिंग, सगळं नवीन घातलं. सहा आठवडे जॅकमधून बाहेर येणारा रॉड अगदी कोरडा होता. मग पुन्हा तेच.

आता जॅकच्या पायाखालच्या फळीवर रोज सकाळी आठ-दहा लाल ठिपके असतात. काल टॉर्च घेऊन शेजारी बसून राहिले. रॉडवरून एक बारीक लाल रेघ उतरते, पायाच्या कडेला येऊन थांबते, हळूहळू फुगते आणि मग थेंब सुटतो. पुढचा थेंब यायला बराच वेळ लागतो.

दुसरी तक्रार जास्त सतावते. रात्री पाणसळ लावून गाडी सपाट करते आणि सकाळी तोच कोपरा बसलेला असतो. चॅसीपासून फळीपर्यंत मोजलं तर ११ मिमीचा फरक. जॅक तेव्हा साधारण २५ सेंमी बाहेर असतो. हे आधी कधीच होत नव्हतं, सील बदलल्यापासूनच सुरू झालं. म्हणून वाटतंय की सील माझ्याकडून उलटं बसलं असावं.

परत उघडायला हरकत नाही, पण स्प्रिंगची भीती बसलीय. मागच्या वेळी काढताना ती सटकून नवऱ्याच्या मनगटावर बसली होती. एकाने टाकीत गळती थांबवणारं औषध ओतायला सांगितलंय. ओतू का?

जुना_फिटर

ताई, औषध अजिबात ओतू नका. ते सील फुगवून काम करतं, आणि टाकी एकच असल्याने चारही जॅक, पंप, वॉल्व्ह सगळीकडे जाणार. एका कोपऱ्यासाठी तीन चांगले कोपरे पणाला लावायचे नाहीत. कुणी ब्रेक ऑइल सुचवलं तर तेही नको, या सिलिंडरमधलं नायट्राइल रबर त्यात खराब होतं. तुमचं लाल तेल म्हणजे एटीएफ, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल असणार. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच घाला, आणि पातळी चारही जॅक पूर्ण वर घेऊनच बघा.

आता जरा हिशेब करू. आतला व्यास ५ सेंमी धरला तर क्षेत्रफळ साधारण २० चौरस सेंमी. म्हणजे कोपरा १ सेंमी खाली यायला २० मिली तेल जॅकमधून निघून जायला हवं. २० थेंबांचा एक मिली धरा, म्हणजे ४०० थेंब झाले. तुम्हाला दिसतात दहा. बाकीचं तेल जमिनीवर पडलेलंच नाही, ते वॉल्व्हमधून टाकीत परत गेलंय. थोडा भाग थंडीचाही आहे. २५ सेंमी बाहेर आलेल्या जॅकमध्ये अर्धा लिटर तेल असतं, ते रात्रीत १५ अंशांनी गार झालं की सुमारे ५ मिली आकसतं. तेवढ्यात कोपरा दोन-अडीच मिमी उतरतो, त्याची काळजी करू नका.

थोडक्यात, तुमच्याकडे दोन वेगळे दोष आहेत. सील उलटं बसलं असतं तर पहिल्याच दिवशी गळलं असतं, सहा आठवडे थांबलं नसतं. तुमच्या हातून बसवण्यात चूक झालेली नाही. सहा आठवड्यांत सील गेलं याचा अर्थ त्याला काहीतरी कापतंय. रॉड पुसा आणि नखाचं टोक वरून खाली, सगळ्या बाजूंनी फिरवा. कुठे नख अडखळतंय का ते सांगा.

आणि जॅक उतरवला तेव्हा तो हाताने वर घेतला होता का? वॉल्व्हवरचा मॅन्युअल स्क्रू सैल करून?

रानवाटा

स्प्रिंगबद्दल माझा अनुभव सांगते. जॅक बाहेर काढला की स्प्रिंग ताणली जाते आणि वेटोळ्यांमध्ये फटी पडतात. त्या फटींमध्ये वॉशर खोचत जा, दोन्ही स्प्रिंगांत, जितके बसतील तितके. मग जॅक वर घ्या. वॉशर अडकलेले असल्यामुळे स्प्रिंग लांबच राहते, सैल पडते आणि आकड्यावरून हाताने निघते. बसवतानाही तशीच लांब बसवायची, जॅक बाहेर काढायचा आणि वॉशर पकडीने ओढून घ्यायचे. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि वॉशर खोचताना तोंड स्प्रिंगच्या रेषेत नको.

आणि कृपा करून, फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली जाऊ नका. एक नळी फुटली तरी गाडी खाली येते. चॅसीखाली भक्कम स्टँड लावा, चाकांना उट्या लावा, मगच आत जा. नळीचा जोड सोडण्याआधी दाब उतरवा. बारीक फवारा कुठून येतोय हे बोट फिरवून शोधू नये, तेल कातडीत घुसतं. पुठ्ठा धरून बघा.

उंबरठा_चाकांवर

दादा, हो! जॅक वर घेण्यासाठी तो स्क्रू सैल केला होता. आत्ता जाऊन पाहिलं. घट्ट वाटत होता, पण पान्याने हलकेच फिरवल्यावर आणखी थोडासा गेला, पाव फेऱ्यापेक्षाही कमी. हे इतकंसं कारण असू शकतं?

नखाचंही केलं. पायापासून ९ सेंमीवर नख अडकलं. तिथे तिळाएवढा खड्डा आहे, भोवती क्रोमला तपकिरी कडा. मागच्या वेळी रॉड आत होता आणि आम्ही सगळं लक्ष सीलवर दिलं, रॉडला नुसतं फडकं मारलं. आधीच्या मालकाने गाडी जॅकवर टेकवून बरेच महिने एका जागी ठेवली होती, एवढं माहीत आहे.

जुना_फिटर

मग दोन्ही दोष सापडले. स्क्रू एवढासा सैल राहिला तरी वॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि तेल रात्रभर टाकीत परत जातं, कोपरा त्यानेच बसत होता. दुसरा दोष रॉडचा. जॅक बाहेर काढून महिनोन्‌महिने उभा ठेवला की उघड्या रॉडला ओल धरते, क्रोमखाली गंज शिरतो. त्यानंतर दर वेळी वर घेताना तो खड्डा सीलच्या ओठावरून खरवडत जातो.

तात्पुरतं म्हणून कडा २००० नंबरच्या पॉलिश पेपरने मऊ करा. पण कागद रॉडभोवती गोल फिरवायचा, लांबीच्या दिशेने नाही. उभा ओरखडा म्हणजे तेलाला आयती वाट. खड्डा मात्र यानं भरणार नाही. रॉड घासून नवा हार्ड क्रोम चढवा किंवा रॉड बदला, आणि नवं सील त्यानंतरच. रॉडवर ग्रीस फासू नका, धूळ धरते. गाडी उभी असताना अधूनमधून जॅक वर घेऊन रॉड पुसत जा.

उंबरठा_चाकांवर

पाच दिवसांनी लिहितेय. स्क्रू बसवल्यावर पहिल्या सकाळी फरक ३ मिमी होता, दुसऱ्या सकाळी २. रात्री थंड होत्या, म्हणजे दादांचा हिशेब जुळतो. मला इतकं हलकं वाटलं की नवऱ्याला उठवून पाणसळ दाखवली.

मग वॉशर खोचून स्प्रिंग काढली, कुणाला काही लागलं नाही. जॅक उतरवून सील काढलं तर ओठावर एकाच जागी बारीक चीर होती. रॉड आत सरकवून, आधी केलेल्या खुणेला खूण जुळवून पाहिलं, चीर बरोबर त्या खड्ड्याच्या रेषेत आली. रॉड क्रोमला दिलाय. तोवर नळीचं आणि सिलिंडरचं तोंड टोपणाने बंद ठेवलंय, आणि त्या कोपऱ्याखाली चाकाला फळ्या देऊन गाडी सपाट केलीय.

आज उरलेल्या तिन्ही रॉडवरून नख फिरवलं. पुढचे दोन गुळगुळीत आहेत. डाव्या मागच्याला ८ सेंमीवर एक तपकिरी ठिपका दिसतोय, अजून नखाला लागत नाही.